रिकामं जहाज वर येतं

फोन आला तेव्हा मी दुकानात खताच्या गोण्या उतरवून घेत होते. शेवगावात आमचं कृषी सेवा केंद्र आहे आणि रब्बीच्या तोंडावर मला श्वास घ्यायला वेळ नसतो. नवऱ्याचा मोबाईलही माझ्याकडेच असतो. पक्षाघातानंतर त्यांच्या डाव्या हाताची पकड गेली, आणि उजव्या हातात काठी असते. फोन धरायला तिसरा हात नाही.

फोनवर नौदलातले त्यांचे जुने सोबती होते, साताऱ्याकडचे. दोघे एकाच जहाजावर, एकाच खोलीत, वरखाली झोपलेले.

"वहिनी, आपली बोट काढतायत."

"काढतायत म्हणजे?"

"म्हणजे रिटायर. पुढच्या महिन्यात विशाखापट्टणमला झेंडा उतरवणार. जुन्या सगळ्यांना बोलावलंय. सांगा त्याला."

मी सांगणार नव्हते. शेतात कापूस वेचणीला आलेला, दुकानात माणूस नाही, आणि हे घरातल्या घरात उंबरा ओलांडताना दोनदा थांबतात. पण साताऱ्याचे पुन्हा फोन करणार हे मला माहीत होतं. रात्री जेवताना सांगून टाकलं.

त्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "जायचं."

आजारपणानंतर ते तुटक, मोजकंच बोलतात. आधीही फार बोलायचे असं नाही.

त्या जहाजाची हकिगत मला कुणी बसवून सांगितलेली नाही. सुट्टीवर आलेला माणूस जेवताना, गोठ्यात, खळ्यावर जे सहज बोलून जातो, तेवढीच मला माहीत. साध्या जहाजासारखं ते नव्हतं. तोंडाला दोन भलीमोठी दारं. दारं उघडली की आतून लोखंडी फळी खाली येते आणि त्यावरून रणगाडे, ट्रक थेट किनाऱ्यावर उतरतात. त्यासाठी जहाजाचा तळ सपाट ठेवलेला, म्हणून ते लाटांवर टोपलीसारखं डुलायचं आणि रणगाडेवाले जवान ओकून ओकून अर्धमेले व्हायचे. दुसरं जहाज वाळूला लागलं तर कप्तानाची चौकशी लागते. ह्या जहाजाचं कामच वाळूला लागण्याचं होतं.

वाळूत घुसायचं कळलं, मग निघायचं कसं, असं मी लग्नानंतर पहिल्याच सुट्टीत विचारलं होतं. तेव्हा त्यांनी ताटातल्या भाकरीच्या तुकड्याला सुतळी बांधून दाखवलं. किनारा अजून लांब असतानाच जहाजाच्या मागच्या टोकावरून एक नांगर समुद्रात टाकतात. जहाज पुढे जातं तशी त्याची पोलादी तार सुटत राहते. माल उतरला, दारं मिटली, की तीच तार विंचवर, म्हणजे गुंडाळायच्या यंत्रावर, घेत घेत जहाज स्वतःला मागे ओढून पाण्यात नेतं. नांगर लवकर पडला तर तार पुरत नाही. उशिरा पडला तर ओढ मिळत नाही आणि जहाज वाळूत बसतं. ह्या विंचवर आमचे हे होते.

लढाई त्या जहाजाने कधी केली नाही. सराव केला. रणगाडे भरायचे, कुठल्या तरी किनाऱ्यावर उतरवायचे, पुन्हा भरायचे. मी माहेरची नगरची. रणगाडे ट्रेलरवरून रस्त्याने जाताना बघतच लहानाची मोठी झाले, त्यामुळे मला त्यात नवल वाटायचं नाही. मला वाटायचं, एवढं ओझं नेऊन परतच आणायचं तर नेता कशाला? त्यांना हे बोलले की ते हसायचे. सराव नसेल तेव्हा जहाज अंदमानला सिमेंट, पत्रे, तांदूळ, जीपगाड्या न्यायचं. एकदा म्हशी नेल्या होत्या. त्या म्हशींची हकिगत आमच्या गावात रणगाड्यांपेक्षा जास्त चालली.

आणि त्सुनामी. बेटांवरचे धक्के मोडून पडले होते, मोठी जहाजं जवळ जाऊ शकत नव्हती. वाळूवर चढणारं हेच कामाला आलं. इकडे मी तूर मळत होते. शेजारच्यांच्या टीव्हीवर नुसतं पाणी दिसायचं. फोन नाही, काही नाही. सासूबाई अंथरुणावर, त्यांना मी सांगितलं होतं की जहाज दुरुस्तीला गेलंय. पुढच्या सुट्टीत हे आले ते वाळून आलेले. उघड्या दारातून माणसांना उचलून आत घेतल्याचं एकदाच बोलले, पुन्हा नाही.

मध्ये त्यांची बदली झाली, दुसऱ्या जहाजावर गेले, नंतर परत ह्याच जहाजावर आले. तोवर ते म्हातारं झालं होतं. समुद्रात कमी, गोदीत जास्त. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा ते म्हणाले होते, "तीही फार दिवस नाही आता." पण ती पुढे बरीच वर्षं चालली. सरकारी वस्तू सहसा लवकर मोडीत निघत नाही.

एवढ्या वर्षांत मी ते जहाज पाहिलेलं नव्हतं. कुटुंबांना एक दिवस समुद्रात फिरवून आणायची त्यांच्यात पद्धत असते. त्या वेळी मुलीला गोवर निघाला होता. नंतर कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. शेत, सासूबाई, पुढे दुकान. जहाजाने माझा नवरा नेला होता, ते बघायला मी पैसे खर्चून का जाऊ, असंही वाटायचं.

तर, जायचं. त्यांना समारंभाचं काही नव्हतं. मी विचारलं, "तिथे जाऊन करायचंय काय?"

"मागं जायचं. विंचपाशी." थोड्या वेळाने म्हणाले, "माझ्या पायानं."

नगरचे डॉक्टर म्हणाले, प्रवास करा, शिड्या नकोत. पुण्याहून मुलगी फोनवर ओरडली.

"आई, तुला कळतंय का? ते पडले तर?"

"पडले तर उचलीन."

"तुझी कंबर विसरलीस? त्यापेक्षा कुणाला तरी व्हिडिओ कॉल करायला सांगू. घरबसल्या दिसेल सगळं."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. हे खाटेवरून म्हणाले, "व्हिडिओला हात लावता येत नाही."

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही ना..." आणि तिकिटं तिनेच काढून दिली.

शिडीचा प्रश्न साताऱ्याच्यांनी सोडवला. "शिडी कशाला वहिनी? दार उघडं असणार. फळीवरून रणगाडा जातो, हा का जाणार नाही? दोन बाजूंनी दोघं उभं राहू, नवरदेवासारखा आत नेऊ." त्यांनी आणखी दोघातिघांना विचारलं. सगळे म्हणाले, फळीनेच जायचं.

फळीचा चढ किती, हे मी ह्यांना विचारलं. त्यांनी उजवा हात तिरका धरून दाखवला. तसा चढ शेवगावात कुठे आहे याचा मी विचार केला, आणि मला जनावरांचा बाजार आठवला. तिथे बैल-म्हशी टेम्पोत चढवायला दगडामातीचा धक्का बांधलेला आहे. एक बाजू उतरती, दुसरी टेम्पोच्या फाळक्याइतकी उंच. मी त्यांना गाडीत घालून तिकडे नेलं. त्यांनी धक्क्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "थोडा जास्त. चालेल."

मग रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी आमची तिथे हजेरी. पहिल्या दिवशी अर्ध्यातून परत. काठी पुढे, उजवा पाय, मग डावा ओढत. मी मागे कंबर धरून. त्यांच्यापेक्षा मीच जास्त घामाघूम व्हायचे. एवढं करून संध्याकाळी कापसाच्या मापाला उभं राहायचं. घरी गेल्यावर कुणाशी बोलायची ताकद राहायची नाही. पण रोज थोडं थोडं वर जात होतो. ते दिसत होतं, म्हणून थांबवता येत नव्हतं.

एकदा उशीर झाला आणि नेमका बाजाराचा दिवस निघाला. धक्क्याखाली बैल उभे, टेम्पो लागलेले, आणि आम्ही दोघं मधोमध. एक ओळखीचा व्यापारी दोरी खांद्यावर टाकून पुढे आला. गावात ह्यांना बोटवाले म्हणतात.

"काय वहिनी, बोटवाल्यांना बाजारात आनलं व्हय?"

"आणलं."

"किती दाती हायेत?"

"दात सगळे शाबूत हायेत. पायात खोड हाय."

"मंग लई भाव न्हाई यायचा."

"इकायचेच न्हाईत. तुमी तुमचे बैल बघा."

हे वर पोचून धापा टाकत होते. तिथून म्हणाले, "त्याला सांग... वैरण... लई लागत न्हाई."

सगळा बाजार हसला. आजारपणानंतरची ती त्यांची पहिली थट्टा. व्यापाऱ्याने पायानेच धक्क्यावरचं शेण बाजूला सारलं आणि मागे ओरडला, "थांबवा रे बैलं, बोटवाले उतरू द्या आदी!" पुढच्या आठवड्यापर्यंत ते माझ्या आधाराशिवाय चढायला लागले. उतरताना मात्र माझा खांदा लागायचाच.

दौंडहून गाडी पकडली. खालचा बर्थ मिळाला होता, तरी त्या प्रवासाबद्दल मी काही लिहिणार नाही. आजारी माणसाला रेल्वेच्या संडासात ज्यांनी नेलंय त्यांना सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही.

समारंभ सूर्यास्ताचा होता. आम्ही दुपारीच बंदरात पोचलो. साताऱ्याचे फाटकावर वाट बघत होते. पांढरा शर्ट, छातीवर पदकं, पोट पुढे.

"आला का रे म्हाताऱ्या!"

"तू... काय... तरणा?" हे म्हणाले. दोघांनी एकमेकांचे खांदे धरले आणि सोडले.

जहाज धक्क्याला लावलेलं होतं. राखाडी, उंच, पताका लावलेलं. आम्ही आधी तोंडाकडेच गेलो. साताऱ्याचे बडबडत होते, ते बोलता बोलता थांबले. दारं बंद होती. नुसती मिटलेली नव्हती. दोन्ही दारांच्या फटीवर वेल्डिंगची जाड शिवण होती आणि तिच्यावर रंगाचे थर बसलेले. आणि दारं उघडली असती तरी फळी पाण्यात पडली असती. जहाज धक्क्याला कुशीने लागलेलं, तोंड पाण्याकडे. इतकी वर्षं त्या जहाजावर काढलेल्या माणसांपैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते अजून कुठल्या तरी बेटावर, वाळूत नाक खुपसून, दार उघडून उभं होतं.

एक तरुण अधिकारी आला. त्याने हिंदीत सांगितलं की दारांतून पाणी झिरपायला लागलं तेव्हाच ती कायमची बंद केली, त्याच्या आधीच्या आधीच्या कप्तानाच्या काळात. वाळूवर तर हे जहाज कित्येक वर्षांत गेलेलं नाही.

आत जायला बाजूने एक अरुंद पूल टाकलेला होता, आडव्या पट्ट्या ठोकलेला, दोन्हीकडे दोर. तो बघून मी काय ते समजले. आमचा बाजारातला धक्का त्याच्यापुढे सपाट जमीन होती.

ह्यांनी जहाजाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. पाण्याच्या वर एक लाल पट्टा उघडा पडला होता, त्यावर शेवाळ वाळलेलं. म्हणाले, "रिकामी केलीय. तेल काढलं, सामान काढलं. हलकी झाली की वर येते." मग पुलाकडे बघून, "म्हणून एवढा चढ."

अधिकारी चांगला मुलगा होता. म्हणाला, खुर्ची आणतो, चार जण उचलून वर नेतील, काही त्रास होणार नाही. चार जण आलेही. खुर्चीसुद्धा आली.

"नको," हे म्हणाले.

"अरे, बस गुमान," साताऱ्याचे म्हणाले. "लाजतोस काय? आपण किती जणांना उचलून आत घेतलं."

"ते बुडालेले होते. मी... बुडालोय का?"

पोरं खुर्चीच्या मागे उभी राहिली. मी मात्र चिडले. इतके दिवसांचा बाजार, दुकान बंद, कापूस मजुरांच्या भरवशावर, तो प्रवास, आणि हे इथे येऊन नको म्हणतायत. मी म्हटलं, "अहो, मग आलो कशाला आपण? तिकडे एवढं चढवलं मी तुम्हाला."

ते माझ्याकडे बघत नव्हते. पुलाकडे बघत होते. दोन पावलं पुढे गेले, पहिल्या पट्टीवर काठी ठेवली, उजवा पाय ठेवला. डावा उचलला जाईना. तसेच थोडा वेळ उभे राहिले. मग पाय मागे घेतला आणि त्याच खुर्चीत खाली बसले, धक्क्यावर.

मी पाण्याची बाटली त्यांच्या मांडीवर ठेवली. चप्पल घट्ट केली. म्हटलं, "मी जाऊन येते."

"तू?"

"मग कोण? काय बघायचंय ते सांगा."

त्यांनी सांगितलं: मागं जा. विंच आहे. ड्रमवर तार असेल. तारेवर हात फिरव. दाबून.

"बस?"

"बस."

पुढे साताऱ्याचे, मागे मी. गुडघे कुरकुरत होते, दोर हाताला खरखरीत लागत होता. खाली पाणी होतं, ते मी पाहिलं नाही. वर गेल्यावर साताऱ्याचे म्हणाले, "वहिनी, आधी आतून दाखवतो, मग मागं जाऊ." त्यांनाच बघायचं होतं ते. मीही नको म्हटलं नाही.

आतली रणगाड्यांची जागा म्हणजे एक लांबच लांब लोखंडी गोडाऊन. जिनिंगमध्ये कापूस उचलून नेल्यावर जसं ओकंबोकं दिसतं तसं. जमिनीत रणगाडे बांधायच्या कड्या रोवलेल्या. तेलाचा, जुन्या रंगाचा वास. पुढच्या टोकाला बंद दारांची आतली बाजू, तिच्यावर गंजाचे ओघळ. झोपायच्या खोलीत गाद्या काढून नेल्या होत्या, नुसत्या लोखंडी चौकटी एकावर एक. साताऱ्याचे एका चौकटीवर थाप मारून म्हणाले, "ही ह्याची. मी वर. लाटा असल्या की मी ह्याच्यावर पडायचो." मी चौकटीची लांबी पाहिली. ह्यांना पाय सरळ करता येत नसणार. घरी मोठ्या खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन झोपतात, त्यावरून मी त्यांना किती वर्षं बोलत आलेय. खोलीत हवा नव्हती. मी बाहेर आले.

मागे विंच होता. आमच्या उसाच्या चरकापेक्षा बराच मोठा, राखाडी रंगाने समारंभासाठी नुकताच रंगवलेला. रंगवणाऱ्याने बाहेरचं तेवढं रंगवलं होतं. ड्रमवर तार होती. मी सांगितल्याप्रमाणे दाबून हात फिरवला. तार कोरडी होती, काट्यासारखे धागे उभे राहिलेले. तळव्याला लाल चुरा लागला. मी पुन्हा एकदा, आतल्या बाजूने, बोटं घालून पाहिलं. तिथेही तेच.

तेवढ्यात बिगूल वाजला. सगळे जिथे होते तिथे ताठ झाले, मला हलता येईना. झेंडा जहाजाच्या मागच्या टोकालाच असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. तो माझ्यापासून हाकेच्या अंतरावर हळूहळू खाली आला. दोन पोरांनी तो घडी केला, चादरीची करतात तशी, कोपरे जुळवून. साताऱ्याचे रडत होते. मी खाली धक्क्यावर पाहिलं. हे खुर्चीतून उठून उभे होते. डावा हात सरळ राहत नाही, तो त्यांनी उजव्या हाताने धरून मांडीशी दाबला होता. काठी खाली पडलेली. आता पडतील, असं वाटून मी तेवढंच बघत राहिले. पडले नाहीत.

उतरताना मी दोर दोन्ही हातांनी धरून, आडवी आडवी उतरले. ते पुन्हा खुर्चीत बसले होते.

"काय?"

मी तळवा पुढे केला. त्यांनी माझी बोटं धरून हात उजेडाकडे वळवला. चुरा अंगठ्याने चोळला, वास घेतला.

"ग्रीस?"

"थेंब नाही."

"आतून?"

"आतूनही बघितलं. कोरडी. धागे तुटलेत."

बाजूला साताऱ्याचे डोळे पुसत म्हणाले, "अरे, वरून बरीच बरी ठेवलीय तिला..."

"तू गप," हे म्हणाले. मग मला विचारलं, "नक्की?"

मला एक क्षण वाटलं, थोडं बरं सांगावं. पण मग मी एवढी वर गेले कशाला? म्हटलं, "नक्की. ती तार आता काहीही ओढायची नाही."

त्यांनी मान हलवली. जहाजाकडे एकदा पाहिलं, फार वेळ नाही. म्हणाले, "मग काढली ते बरं केलं."

अधिकारी समोशांच्या बशा घेऊन आला. मी एक उचलणार तर त्यांनी माझं मनगट धरलं. "हात धू. पोटात जाईल." मांडीवरची बाटली त्यांनी गुडघ्यांत धरून उजव्या हाताने उघडली आणि माझ्या हातावर पाणी ओतलं. लाल पाणी धक्क्याच्या कडेने वाहत गेलं. सगळं निघालं नाही. ते म्हणाले, राहू दे, रॉकेलनं निघेल, घरी गेल्यावर. मग आम्ही समोसे खाल्ले, आणि परतीच्या गाडीला अजून वेळ होता म्हणून तिथेच बसून राहिलो.